डासाचे जनुक बदलण्याआधी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला तो ‘विज्ञान आणि आरोग्य’ एवढाच. त्यातून मी डास निवडला. गणपतीच्या मांडवात डासावर व्याख्यान म्हणजे काहींना जरा विचित्र वाटेल. पण मी उभा राहिल्यापासून पुढच्या रांगेतल्या चार-पाच जणांनी आपापल्या पोटऱ्यांवर चापट्या मारलेल्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा विषय अगदीच उपरा नसावा. आपल्यात तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यातली मंडळी आहेत, खानापूर-आटपाडी-तासगावकडून सोन्याच्या गलाईसाठी आलेले बांधव आहेत, आणि काही तमिळ मित्रही आहेत. त्यांच्या भाषेत याला ‘कोसु’ म्हणतात. नाव काहीही असो, चावण्यात तो भेदभाव करीत नाही.

वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी येते की शास्त्रज्ञांनी डासाचे जनुक बदलले, आता डेंग्यू आणि हिवताप संपणार. ती वाचून दोन प्रकारची माणसे मला भेटतात. एक म्हणतो, मग उद्याच आणून सोडा. दुसरा म्हणतो, हा परदेशी कंपन्यांचा डाव आहे, गावात पाऊल ठेवू देऊ नका. मी दोघांनाही एकच विचारतो : तुम्ही कोणत्या डासाबद्दल बोलताय?

कारण डास म्हणजे एक प्राणी नव्हे. जगात डासांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या अगदी थोड्या माणसाच्या मुळावर आल्या आहेत. आपल्या भागात त्यातल्या तिघी ओळखून ठेवायला हव्यात. तिघी म्हणतो, कारण चावते ती मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. पहिली ॲनॉफिलीस, हिवतापाची. शेतातल्या, कालव्याच्या, विहिरीच्या स्वच्छ पाण्यात वाढते आणि रात्री चावते. दुसरी क्युलेक्स, हत्तीरोगाची. गटाराचे घाण पाणी तिला प्रिय. कुंभकोणम्-तंजावूरकडच्या जुन्या गल्ल्यांत हत्तीपाय झालेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तिची वेगळी ओळख नको. तिसरी एडिस, पांढऱ्या पट्ट्यांची, डेंग्यू आणि चिकुनगुन्याची. ती दिवसा चावते आणि आपल्या घरातल्याच साठवलेल्या पाण्यात वाढते. २००६ साली चिकुनगुन्याने महाराष्ट्र आणि तमिळनाडू दोन्हीकडे माणसे महिनोन्‌महिने सांधे धरून बसवली, ती हिच्याच कृपेने. एकीचे जनुक बदलून दुसरीचा रोग जात नाही, एवढे आधी पक्के करू या.

आता आपल्या ओरत्तनाडूकडे येतो. याला एके काळी मुक्तांबाळपुरम् असेही म्हणत. सरफोजी महाराजांनी, म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी, मुक्तांबाळ यांच्या नावाने येथे छत्र बांधले. वाटसरूला अन्न आणि आजाऱ्याला औषध हा या छत्रांचा धर्म होता. त्या काळात या गावाची चिंता पाण्याची होती. कावेरीचा सुपीक त्रिभुज प्रदेश उत्तरेला, आणि आपण त्याच्या कोरड्या काठावर. ती चिंता मिटली १९३४ साली. मेट्टूरचे धरण पूर्ण झाले आणि कल्लणैपासून निघालेला नवा कालवा आपल्या भागातून पट्टुकोट्टैकडे गेला. लोक त्याला अजूनही ‘पुदु आरु’, नवी नदी, असेच म्हणतात. कोरडवाहू जमिनीत भात उभे राहिले.

आणि भाताबरोबर हिवताप आला. पाणी आले की भरभराट येते हे सगळ्यांना दिसते. पण कालवा पाझरतो, भराव घालण्यासाठी माती काढलेल्या खड्ड्यांत पाणी साचते, समुद्राकडच्या बाजूला सुरूच्या रोपांना पाणी घालण्यासाठी खणलेले खड्डे भरलेले राहतात, आणि या सगळ्यात ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस नावाची डासीण सुखाने अंडी घालते. ‘पाटबंधाऱ्यांचा हिवताप’ याचे आपल्या देशातले एक नमुनेदार उदाहरण म्हणून हा पट्टुकोट्टैचा भाग हिवतापाच्या अभ्यासकांना माहीत झाला. आपल्यापैकी कितीजणांना ते ठाऊक आहे?

रॉकफेलर फाउंडेशनने पॉल रसेल नावाचा अमेरिकन डॉक्टर मद्रास इलाख्यात पाठवला होता. त्याने आणि टी. रामचंद्र राव या तरुण कीटकशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून याच भातखाचरांत काम केले. त्यांना एक कोडे पडले. लावणी झाल्यानंतरच्या दिवसांत खाचरात या डासाच्या अळ्या भरपूर सापडत. रोपे साधारण फूटभर उंच झाली की त्या नाहीशा होत. पाणी तेच, खाचर तेच. मग डासीण तेथे यायची का थांबते? सावली नको म्हणून? रोपांतून काही द्रव्य सुटते म्हणून?

त्यांनी केलेला प्रयोग मला इतका आवडतो की तो सांगितल्यावाचून मी पुढे जाणार नाही. त्यांनी रोपांऐवजी पाण्यात काचेच्या कांड्या उभ्या केल्या, बांबूच्या काड्या रोवल्या. काचेची सावली पडत नाही, काचेतून कसले द्रव्यही सुटत नाही. तरीही डासीण अंडी घालीना! कारण ही जात पाण्यावर बसून अंडी घालत नाही. ती पाण्याच्या काही इंच वर तरंगत, नाचल्यासारखी वर-खाली होत अंडी टाकते. काड्या दाट उभ्या राहिल्या की तिला नाचायला जागा उरत नाही. म्हणजे धोका भाताचा नव्हता. धोका लावणीनंतरच्या थोड्या दिवसांचा होता, आणि त्याहून अधिक त्या वर्षभर उघड्या राहणाऱ्या खड्ड्यांचा. जनुक हा शब्दही ज्या शेतकऱ्याने ऐकला नव्हता त्याच्या बांधावर बसून हे शोधले गेले. याच भागात घराघरांत पायरेथ्रमची फवारणी करून मोठे डास मारण्याचे प्रयोगही रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केले.

या रामचंद्र रावांचा पुढचा प्रवास आपल्या महाराष्ट्राकडे झाला, म्हणून त्यांच्याबद्दल दोन वाक्ये जास्त. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्याबरोबर त्यांनी त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, कारवार-धारवाडकडे, १९४५-४६ पासून डीडीटी फवारणीचे काम केले. तेथले यश पाहून १९५३ साली देशभराचा हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. पुढे ते पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालकही झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास तो आकडा एक लाखावर आला. लोकांनी पेढे वाटले असतील. मग १९७६ साली तो चौसष्ट लाखांवर गेला! फवारणीत ढिलाई झाली हे खरेच, पण डासही गप्प बसला नव्हता. डीडीटी पचवणारे जे थोडे होते, तेच जगले, त्यांचीच प्रजा वाढली.

म्हणूनच शास्त्रज्ञ औषधाकडून खुद्द डासाकडे वळले. वांझ नर सोडायचे, माद्यांशी त्यांचा संयोग व्हायचा, अंडी फुकट जायची, ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत गुरांच्या जखमांत अळ्या घालणाऱ्या माशीवर ती यशस्वी झाली होती. पण किरणांनी वांझ करणे म्हणजे, गलाईवाल्या बांधवांना समजेल असे सांगायचे तर, एक सांधा दुरुस्त करायला अख्खा दागिना भट्टीत घालण्यासारखे आहे. नर वांझ होतो आणि अशक्तही होतो. मग मादी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. जनुकीय तंत्राने नेमका तोच सांधा हाताळता येतो, बाकी दागिना शाबूत राहतो. हल्लीचे क्रिस्पर हे तंत्र म्हणजे तर जनुकाच्या लांबलचक साखळीत हवी ती कडी शोधून कापणारी कात्रीच.

याचा आपल्याकडचा प्रयोग झाला तो आपल्या जालन्यात. बियाण्यांमुळे जालना आणि बद्रीनारायण बारवाले ही नावे शेतकऱ्याला पाठ आहेत. त्याच बारवाले घराण्याशी संबंधित जीबीआयटी या संस्थेने इंग्लंडच्या ऑक्सिटेक कंपनीबरोबर काम केले आणि जानेवारी २०१७ मध्ये दावलवाडीला उघड्यावरच्या पिंजऱ्यांतील चाचण्या सुरू झाल्या. डास एडिस. त्यात असे जनुक घातलेले की त्याची प्रजा अळी अवस्थेत किंवा कोशातच मरावी. मग असे डास वाढवायचे तरी कसे? प्रयोगशाळेतल्या पाण्यात टेट्रासायक्लीन हे औषध घातले की ते जनुक झोपी जाते. बाहेर औषध नाही, म्हणून पिले जगत नाहीत. नर-मादी वेगळे करतात ते कोशाच्या आकारावरून. नराचा कोश लहान असतो. सोडायचे ते फक्त नर. पण दावलवाडीचे डास जाळीच्या आतच राहिले. भारतात असे डास खुल्या हवेत सोडले गेलेले नाहीत.

ब्राझीलमध्ये मात्र सोडले गेले. तेथे डासांची संख्या घटली हे कंपनीने दाखवले. २०१९ साली एका शोधनिबंधाने सांगितले की जाकोबिना या गावी प्रयोगशाळेच्या डासांचे काही जनुकांश स्थानिक डासांत उतरले आहेत, म्हणजे सगळी पिले मेली नव्हती. त्यावर गदारोळ झाला, आणि निबंधातील काही विधाने अतिरंजित असल्याच्या तक्रारींवरून खुद्द त्या नियतकालिकानेच पुढे निबंधाला सावधगिरीची टीप जोडली. माझे मत विचाराल तर, थोडी पिले जगतात हे कंपनीला आधीपासून माहीत होते. ते गावाला तितक्याच ठळकपणे सांगायला हवे होते.

गावाला न सांगण्याची किंमत आपल्या देशाने एकदा मोजलेली आहे. १९६९ साली दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचा एक विभाग काढला. पैसा अमेरिकेचा. क्युलेक्सचे वांझ नर दिल्लीजवळच्या खेड्यांत सोडून पाहिले. त्यात एक धडा मिळाला, की शेजारच्या गावातून आधीच संयोग झालेल्या माद्या उडत येतात आणि हिशेब बिघडवतात. पुढचा टप्पा हरयाणात सोनिपतला, एडिसवर. तेवढ्यात वर्तमानपत्रांत आरोप सुरू झाले. एडिस हा पीतज्वराचाही डास, पीतज्वर भारतात नाही, मग अमेरिकेला त्याच्यात एवढा रस का? जैविक युद्धाची तयारी तर नव्हे? प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेले आणि १९७५ मध्ये सोनिपतला एकही डास न सोडता काम बंद झाले.

आरोप किती खरे होते यावर आजही वाद घालता येईल. मला ते खोटे वाटतात. पण लोकांना संशय आला तेव्हा त्यांच्या प्रश्नांना साध्या भाषेत, वेळेवर, सगळे कागद समोर ठेवून उत्तर द्यायला कोणी गेले नाही, याबद्दल मला शंका नाही. त्या कामातले शास्त्र उत्तम होते. सहा वर्षांचे कष्ट वाया गेले आणि त्यानंतर कित्येक वर्षे आपल्याकडे या विषयाचे नाव काढायला माणसे कचरत.

आता जे येऊ घातले आहे ते याहून फार मोठे आहे, म्हणून हे सांगतो. त्याला ‘जीन ड्राइव्ह’ म्हणतात. एरवी आई किंवा बापाकडचा एखादा गुण निम्म्या मुलांत उतरतो. जीन ड्राइव्हमध्ये ती क्रिस्परची कात्रीच डासाच्या अंगात बसवतात. ती जोडीदाराकडून आलेले जनुक कापते आणि तेथे स्वतःची नक्कल करते, त्यामुळे गुण जवळजवळ सगळ्याच पिलांत जातो. थोडे डास सोडा, काही पिढ्यांत सगळी वस्ती बदलते. २०१५ साली कॅलिफोर्नियात हे ॲनॉफिलीस स्टेफेन्सीवर करून दाखवले. ही आपल्या शहरांतली डासीण, चेन्नईतल्या विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्या हे तिचे माहेर. पुढच्याच वर्षी टाटा ट्रस्ट्सने सॅन दिएगोच्या विद्यापीठाला मोठी देणगी देऊन या विषयासाठी संस्था काढली आणि तिची एक शाखा बंगळुरूत आली. २०१८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पिंजऱ्यातली आफ्रिकी डासांची वस्ती सात ते अकरा पिढ्यांत पूर्ण संपली. २०२५ साली तर डासाला न मारता त्याच्या एका प्रथिनातली फक्त एक कडी बदलून, हिवतापाचा जंतू त्याच्या अंगात टिकणार नाही असे करून दाखवण्यात आले. हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. डास राहील, चावेल, पण ताप देणार नाही.

मग अडचण काय? अशी गोष्ट एकदा सोडली की परत बोलावता येत नाही. डीडीटीची फवारणी थांबवता येते. हा डास ओरत्तनाडूत सोडला तर त्याला तालुक्याची हद्द कोण दाखवणार? पुदुक्कोट्टैच्या लोकांनी नको म्हटले तर? म्हणूनच ड्राइव्हचा डास अजून जगात कोठेही खुल्यावर सोडलेला नाही. बुर्किना फासो या देशात त्या दिशेची तयारी चालू होती. २०१९ मध्ये बाना या खेड्यात ड्राइव्ह नसलेले वांझ नर सोडले, वर्षानुवर्षे गावकऱ्यांच्या बैठका घेतल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथल्या सरकारने सगळे काम बंद करायला लावले. सोनिपतची आठवण झाली की नाही?

उलट एक उदाहरण अमेरिकेतले. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर ऑक्सिटेकचे डास सोडायचे ठरले, तेव्हा २०१६ च्या निवडणुकीत लोकांचे मत घेतले. जिल्ह्याने होकार दिला, पण जेथे सोडायचे होते त्या की हेवन वस्तीने नकार दिला. तेथे सोडले नाहीत. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या ठिकाणी, आणखी सुधारलेल्या जातीचे सोडले. पाच वर्षे गेली, पण काम बंद पडले नाही.

आणि आपल्या अगदी जवळचे, पुदुच्चेरीचे. तेथे १९७५ साली सुरू झालेले रोगवाहक कीटकांचे संशोधन केंद्र आहे. त्यांनी २०२२ मध्ये एडिसच्या दोन जाती तयार केल्याचे जाहीर केले. यात जनुकाला हात लावलेला नाही. वोल्बाकिया नावाचा जिवाणू डासाच्या अंगात वसवला, की डेंग्यूचा विषाणू तेथे नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्यकर्त्याला या पद्धतीने डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाले. गंमत अशी की आपल्या हत्तीरोगाच्या क्युलेक्समध्ये हा जिवाणू मुळातच असतो, आणि वेगवेगळ्या वाणांच्या जिवाणूंचे जमत नाही याचा फायदा घेऊन १९६७ साली ब्रह्मदेशात ओक्पो या खेड्यातून लावेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्युलेक्स काही आठवड्यांत हुसकला होता.

समितीने चिठ्ठ्या गोळा केल्या आहेत, त्यातल्या तिघांना उत्तरे देतो.

पहिली : ‘बदललेला डास चावला तर मुलांवर परिणाम होईल का?’ सोडतात ते नर, आणि नर चावत नाही. चुकून मादी सुटली आणि चावली तरी तिचे जनुक आपल्या अंगात शिरत नाही. बोकड खाल्ला म्हणून कोणाला शिंगे फुटलेली नाहीत.

दुसरी : ‘डास संपले तर पक्ष्यांनी काय खायचे?’ प्रश्न चांगला आहे. एडिस इजिप्ती हा मुळात आफ्रिकेतला, जहाजांच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर गेलेला पाहुणा आहे. तो गेल्याने आपली चिमणी उपाशी मरणार नाही. भातखाचरातल्या क्युलिसिफेसीसबद्दल मात्र मी इतक्या सहज बोलणार नाही. ती येथलीच आहे, आणि ती गेली तर तिच्या जागी कोण येईल हे आधी पाहावे लागेल.

तिसरी : ‘उद्या कोणी ओरत्तनाडूत असा प्रयोग घेऊन आले तर तुम्ही हो म्हणाल का?’ एडिसवर असेल, तर माझे उत्तर हो आहे. आज आपल्याकडे हिवताप फारसा उरलेला नाही. भीती आहे ती डेंग्यूची, आणि ती उत्सव संपल्यावर ईशान्येचा पाऊस सुरू झाला की वाढते. पण मी त्यांना सांगेन की आधी वर्षभर घरोघरी डास मोजा, रसेल आणि राव यांच्यासारखे आमच्या बांधावर बसा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तमिळमध्ये सगळे सांगा, पैसा कोणाचा हेही सांगा. शेजारच्या गावात न सोडता तेथलेही ताप मोजा, म्हणजे फरक कळेल. आणि जीन ड्राइव्ह असेल तर फक्त ओरत्तनाडूचा होकार घेऊन भागणार नाही, तो सगळ्या राज्यांचा आणि श्रीलंकेचाही प्रश्न आहे.

तोवर आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करा हे सगळे सांगतातच. फक्त नुसती उपडी करू नका, आतून काथ्याने घासा. एडिसची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, आणि कोरड्या पिंपात काही महिने पाण्याची वाट पाहत जिवंत राहतात.